सगळ्याला व्हायरस म्हणू नये

३ जून

बारके,

खुशाली विचारत नाही, कारण तू उत्तर देणार नाहीस आणि मला वाट बघत बसायला वेळ नाही. तेरा महिन्यांनी लिहिते आहे. तुझा नंबर बंद आहे, पत्ता तू दिलेला नाहीस, म्हणून हे पाकीट तुझ्या शिवणक्लासवाल्या मैत्रिणीच्या हातात देते आहे. पत्ता त्या घालतील. मला तो दाखवणार नाहीत, हे त्यांनी तोंडावर सांगितलं, तेही माझ्याच दंडाचं माप घेता घेता.

आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. व्यवस्थित झालं. पट्टी निघाल्यावर तिला आधी दिसला तो छताचा ओला डाग. म्हणाली, घर कसं ठेवलंयस गं हे. मग म्हणाली, बारकी कुठे आहे. मी म्हटलं, कामात आहे. हे मी वर्षभर म्हणते आहे आणि आता माझंच मला ऐकवत नाही.

इकडे आमची लॅब बंद पडली आहे. म्हणजे रक्त घेतो, तपासतो, पण रिपोर्ट निघत नाही. सोमवारी सकाळी आले तर काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर लाल पडदा. तुमच्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर अमुक दिवसांत पैसे भरा, असा मजकूर. वर उलटी मोजणारं घड्याळ. आतल्या दोन्ही कॉम्प्युटरवरही तेच. सहा वर्षांचे रिपोर्ट त्यात आहेत. एक बाई गळ्याच्या गाठीचा रिपोर्ट न्यायला चौथ्यांदा येऊन गेली. तिला रोज उद्या या म्हणायचं काम माझं.

आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर काय विचारलं असेल? 'तुम्ही काही उघडलंत का?' दुसऱ्या कोणाला नाही, मला. लॅबमध्ये बावीस वर्षं झाली मला. त्यांच्या आधीच्या डॉक्टरांपासून आहे. तरी काही बिघडलं की नजर माझ्याकडे, कारण मी पन्नाशीची आणि चष्मा कपाळावर ठेवून कीबोर्ड शोधते. मी काहीही उघडलेलं नाही.

हे सगळं तुला का लिहिते आहे ते तुला कळलं असेलच. न केलेल्या गोष्टीचा आळ माझ्यावर दुसऱ्यांदा आला आहे. पहिला तुझा. तू नवऱ्याचं घर सोडलंस, लांबच्या गावी खोली घेतलीस, नोकरी धरलीस, आणि पत्ता एकट्या मला मेसेजवर पाठवलास. नवव्या दिवशी तो तुझ्या दारात उभा. घरमालकिणीने तमाशा पाहून तुला खोली सोडायला लावली, चार दिवसांत नोकरीही गेली. तू फोन करून मला विचारलंस, पत्ता तू सांगितलास का. मी नाही म्हटलं. ते तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. तू फोन ठेवलास तो ठेवलासच.

आईसाठी तरी चार ओळी लिही.

ताई


१२ जून

बारके,

तुझी मैत्रीण म्हणाली की तू पत्र वाचलंस, घडी घातलीस आणि ठेवून दिलंस. ठीक आहे. वाचते आहेस तर लिहिते.

लॅबचा घोळ आता निदान समजला तरी. डॉक्टरांनी कुठून तरी एक कॉम्प्युटरवाल्या बाई आणल्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. आल्या आल्या त्यांनी तिन्ही कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या वायरी उपसल्या. डॉक्टर म्हणाले, व्हायरस आला आहे, तेवढा काढून द्या. बाईंनी वायर गुंडाळता गुंडाळता त्यांना विचारलं की तुमच्याकडे नमुना आला तर तुम्ही रिपोर्टवर नुसतं 'जंतू आहेत' असं लिहून देता का.

मला बाई तिथेच आवडल्या.

तीन दिवस मी त्यांच्या शेजारी बसून होते, कारण कुठला पासवर्ड कुठल्या वहीत आहे हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. (हो, वहीत लिहितो. त्यावरही बोलणी खाल्ली.) त्या काम करता करता सांगत होत्या, आणि सगळ्याला व्हायरस म्हणू नये, हे निदान दहा वेळा म्हणाल्या. व्हायरस हा एक प्रकार झाला. तो एखाद्या फाइलला चिकटून राहतो आणि कोणी ती फाइल उघडली की पुढच्या फायलींना लागतो. माणसाने हात लावल्याशिवाय तो हलत नाही. वर्म नावाचा दुसरा असतो, त्याला माणूसही लागत नाही. नेटवर्कमध्ये एक भोक सापडलं की या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर आपला आपण जातो. तिसरा ट्रोजन. तो कामाची वस्तू म्हणून येतो. फुकटचं कॅलेंडर, निमंत्रणपत्र, काहीही. आपणच त्याला आत घेतो आणि वर आभार मानतो. आणि फायलींना कुलूप घालून पैसे मागणारं ते रॅन्समवेअर. बाईंचं म्हणणं, नाव विचारायचं ते तो आत कसा आला आणि आल्यावर काय करतो यावरून. कारण उपाय त्यावर ठरतो. आमच्याकडे एकाच्या आत एक अशी मिसळ झाली होती. निमंत्रण म्हणून आला, नेटवर्कमधून आपला आपण पसरला, आणि मग कुलूप.

निमंत्रण कोणाच्या नावाने आलं होतं, विचार. डॉक्टरांच्या. परदेशातल्या परिषदेत प्रमुख पाहुणे म्हणून या, सोबतची फाइल उघडून संमती कळवा. त्यांनी रविवारी घरून उघडली, लॅबच्या मशीनला घरून जोडून. आणि तो पसरला कारण प्रत्येक वेळी 'अपडेट करा' असं विचारलं की 'नंतर' हे बटण दाबायची सक्त सूचना होती. सूचना कोणाची ते पुन्हा लिहीत नाही. बॅकअपची डिस्क कायम मशीनला खोचलेली, म्हणून तीही कुलूपबंद. नशिबाने जानेवारीत मी एक प्रत काढून स्लाइडच्या कपाटात ठेवली होती. जानेवारीपर्यंतचं सगळं परत मिळालं. पुढचं गेलं. गळ्याच्या गाठीची स्लाइड होती, ती डॉक्टरांनी पुन्हा पाहिली आणि मी हाताने रिपोर्ट लिहिला. गाठ साधी आहे. गाठवाली ती बाई तिथेच खुर्चीत बसून राहिली, उठेच ना.

डॉक्टरांनी माझी माफी मागितली नाही. चहा पाठवला.

मला एवढंच सांगायचं आहे, की आळ घेणाऱ्याने आधी तपासून घ्यावं.

ताई


१९ जून

बारके,

हे पत्र नीट वाच आणि उभ्याने वाचू नकोस.

सोमवारी कॉम्प्युटरवाल्या बाईंनी लॅबमधल्या सगळ्यांचे फोन मागितले. आम्ही सगळे लॅबचं वाय-फाय वापरतो, म्हणून त्यांना खात्री करायची होती. रिसेप्शनवरच्या मुलीच्या फोनमध्ये जाहिराती दाखवणारं एक काहीतरी निघालं, ते त्यांनी हसत काढून टाकलं. माझा हातात घेतला आणि म्हणाल्या, हा गरम का आहे. मी म्हटलं, जुना आहे, बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. त्या बराच वेळ सेटिंगमध्ये बोट फिरवत राहिल्या. मग समोरचा कोरा लॅब-फॉर्म ओढला, त्यावर लिहिलं आणि माझ्याकडे सरकवला.

'काही बोलू नका. फोन इथेच ठेवा आणि माझ्याबरोबर बाहेर चला.'

जिन्यात उभं राहून त्यांनी सांगितलं. माझ्या फोनमध्ये हेरगिरीचं अ‍ॅप आहे. स्पायवेअर. नाव 'सिस्टिम सेवा' असं काहीतरी सरकारी, पडद्यावर चिन्ह नाही, म्हणजे शोधायला गेल्याशिवाय दिसायचं नाही. ते माझे मेसेज वाचतं, मी कुठे आहे ते कळवतं, आणि त्याला माइक चालू करायची परवानगी आहे. ते काही मोडत नाही, कुलूप घालत नाही, पैसे मागत नाही. गुपचूप बसून ऐकतं. म्हणूनच तेरा महिने कळलं नाही. टाकल्याची तारीख त्यात आहे. तू पत्ता पाठवलास त्याच्या तीन दिवस आधीची.

तेव्हा आता तुला कळलं. मी सांगितलं नव्हतं. तुझ्या नवऱ्याने वाचला.

पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. बाई म्हणाल्या, आत्ता ते काढायचं नाही. काढलं की त्याला कळेल, आणि पुरावाही जाईल. त्यांनी आपल्या कॅमेऱ्याने सगळ्या पडद्यांचे फोटो काढले आहेत. पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार द्यायची, फोन त्यांच्या ताब्यात जाईपर्यंत मी नेहमीसारखंच वागायचं. म्हणजे मी रोज त्या यंत्रासमोर भाजी काय आणू विचारते आहे.

तू तुझा फोनही दाखवून घे. ओळखीच्या दुकानात नको. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्याच कोणाच्या तरी फोनवरून बदल. आणि तुझ्या मैत्रिणीला मी सांगितलं आहे, शिवणक्लासला मी दोनदा पर्समध्ये फोन घेऊन गेले होते, तेव्हा जागा त्याला दिसली असेल. यापुढे पाकीट घ्यायला त्या लॅबमध्येच येणार आहेत, मी फोन रक्त गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्राच्या शेजारी ठेवून बाहेर येईन. तिथे त्याला घरघरीशिवाय काही ऐकू येणार नाही.

फोनमध्ये हे कसं आलं म्हणशील तर मध्यंतरी तो दुरुस्तीला गेला होता. त्याने कोणा दुकानदाराला हाताशी धरलं असणार.

तू मला नवा पत्ता दिला नाहीस म्हणून वाचलीस. हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिलं आहे.

ताई


२७ जून

बारके,

काल माझा फोन सेंट्रिफ्यूजपाशी ठेवून तक्रारीचा मसुदा करायला बसलो. कॉम्प्युटरवाल्या बाई आणि तुझी वकीलबाई. तुझ्या मैत्रिणीने गाठ घालून दिली. वकीलबाई म्हणाली, दुकान कुठलं, पावती आहे का, फोन किती दिवस तिथे होता. मी म्हटलं, आठवत नाही. कॉम्प्युटरवाल्या बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, हे अ‍ॅप लांबून येत नाही, कोणीतरी फोन हातात घेऊन, पिन घालून टाकावं लागतं. दहा मिनिटं लागतात. तुम्ही पिन कोणाला सांगितला होता?

मी सांगितलं की दुकानदाराला. त्यांनी लिहून घेतलं. घरी आले, तर तुझा नवरा आलेला. आईच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसला होता. आईच्या डोळ्यात थेंब घालत होता.

मी पाणी दिलं. तो म्हणाला, 'ताई, डॉक्टरांनी थेंब बदलून दिले म्हणे. जुन्याने आग होत होती ना?' थेंब परवा बदलले. मी ते आईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले होते, दुसऱ्या कोणाशी नाही, आईलाही बाटली बदलल्याचं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, हो, आता बरं आहे. माझा आवाज नेहमीसारखा आला. कसा आला ते मला माहीत नाही. तो अर्धा तास बसला, बारकीचा काही पत्ता का विचारलं, नेहमीसारखे डोळे पुसले आणि गेला.

'नेहमीसारखे' हा शब्द मी लिहिला तेव्हा हात थांबला. आता लपवून काही उरत नाही, तर ऐक.

दुकानदार नव्हता. फोन दुरुस्तीला कधीच गेला नाही. तू घर सोडलंस त्याच्या तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. दारात उभा राहून रडला. तुझ्या मनगटाचा एक्स-रे मी स्वतः उजेडाला धरून पाहिलेला आहे, हाडाची चीर मला अजून दिसते. तरी मी दार उघडलं. त्याने आईची औषधं आणली होती, गळका नळ बसवून दिला. आई म्हणाली, हिच्या फोनवर माणसांचे चेहरे धूसर दिसतात, तुम्हाला जमतं तर बघा. मी फोन दिला. त्याने पिन विचारला. मी सांगितला, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेले. चहा व्हायला दहा मिनिटं लागतात.

तू त्या दिवशी फोनवर दोन गोष्टी विचारल्या होत्यास. पत्ता सांगितलास का, आणि तो घरी येतो का. मी तुला फक्त पहिलीची आठवण करून देते आहे, पत्रामागून पत्र. दुसरीलाही मी नाही म्हटलं होतं. त्या आठवड्यात तो दोनदा येऊन गेला होता.

त्यानंतरही येत राहिला. तू बोलत नव्हतीस आणि तो बोलत होता. बारके, मला तुझा राग होता, आणि तुझ्यावर रागावलेल्या बाईला तुझ्या नवऱ्याने ताई म्हणून हाक मारलेली बरी वाटायची. याहून वाईट काही मला स्वतःबद्दल लिहिता येत नाही.

सोमवारी तक्रार देते आहोत. फोन तिथेच जमा होईल.

ताई


४ जुलै

ताई,

चारही पत्रं मिळाली. तीन पत्रं वाचून मला इतका वैताग आला होता की परत पाठवणार होते. प्रत्येक पत्रात तू निर्दोष. लॅबमध्ये निर्दोष, माझ्याकडे निर्दोष.

तो घरी येतो हे मला तेव्हाच माहीत होतं. तू आंघोळीला गेली होतीस आणि आईने तुझ्याच फोनवरून मला लावला होता. म्हणाली, जावई येऊन गेले, फार रडले, तू परत ये. म्हणून मी तुला ते विचारलं. तू नाही म्हणालीस. दुसरं उत्तर खोटं आहे हे मला माहीत असताना पहिलं खरं कसं धरू? अ‍ॅपबिप मला काय माहीत. मला एवढंच दिसलं की तू त्याच्या बाजूने खोटं बोललीस.

माझा फोन तपासून घेतला. काही नाही. पासवर्ड सगळे बदलले.

वकीलबाईने तक्रारीची प्रत दाखवली. त्यात तू अजून 'दुरुस्तीला दिला असता' असंच लिहिलं आहेस. ते बदल. मग आईला भेटायला येईन.

बारकी


१३ जुलै

बारके,

बदललं. तू म्हणालीस म्हणून. आधी तसंच राहिलं ते मसुदा टाइप झालेला होता म्हणून, हेही खरं आहे, पण ते कारण मी पुढे करणार नाही. त्या सोमवारी सही करताना ते वाक्य माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी सही केली.

सायबर विभागात सात तारखेला पुन्हा गेले. तिथल्या हवालदाराने सात पानं पुन्हा टाइप करायची म्हणून माझ्याकडे जे बघितलं ते मला मान्य आहे. प्रत्येक वाक्याला थांबून विचारत होता. दार कोणी उघडलं? मी. फोन कोणी दिला? मी. पिन? मीच सांगितला. शेवटी म्हणाला, 'बाई, हे आधी का नाही सांगितलं? आमचं काम सोपं झालं असतं.'

मी म्हटलं, 'आधी बहिणीला सांगायचं राहिलं होतं.'

त्याने तेही टाइप केलं. मी खोडायला सांगितलं नाही.

मग तुझ्या नवऱ्याला बोलावून घेतलं. आधी म्हणाला, मला फोनमधलं काही कळत नाही. मग म्हणाला, बायकोच्या काळजीपोटी केलं. वकीलबाईच्या मते माझ्या नव्या जबाबामुळेच त्याला काळजीवर यावं लागलं, कारण कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, किती वेळ फोन त्याच्या हातात होता हे सगळं त्यात होतं आणि अ‍ॅपवरच्या तारखेशी जुळलं. त्याच्या फोनमध्ये माझे तेरा महिने सापडले. आईशी केलेली भांडणंसुद्धा. तुझ्यापासून आणि आमच्या घरापासून लांब राहायचा तात्पुरता हुकूम मिळाला आहे. पुढची तारीख ऑगस्टमध्ये. तेव्हा काय होईल ते वकीलबाई सांगत नाही, आणि विचारलं की चिडते.

आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की मग ते थेंब कोणाचे होते. मला आधी कळलंच नाही. तिला वाटलं त्यातही काही असेल. मी ती बाटली लॅबमध्ये नेऊन तपासली. साधं औषध आहे. तरी ती फेकली आणि नवी आणली. तेव्हापासून आई दाराची बेल वाजली की आधी मला हाक मारते.

डॉक्टरांनी आता लॅबमध्ये पाटी लावली आहे: अनोळखी फाइल उघडू नये. खाली त्यांचीच सही. कॉम्प्युटरवाल्या बाई आल्या की पाटीकडे बघतात आणि कामाला लागतात.

काल तुझी दोन ओळींची चिठ्ठी आली, की रविवारी येशील, पण आमच्या घरी नाही, शिवणक्लासवर, आणि फक्त आईला भेटायला. बरं. आईला मी जिन्यापर्यंत आणेन. तुझी मैत्रीण तिला वर नेईल. मी समोरच्या दुकानाबाहेर बाक आहे तिथे बसेन. दोन तास म्हणालीस तर दोन तास. वर बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तर आईला घेऊन परत जाईन, आणि तू पुढचा दिवस सांगशील त्या दिवशी तिला पुन्हा घेऊन येईन.

ताई